सुतळीची जिलबी

खळ शिजवताना पळी थांबवायची नसते. मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, गुठळ्या बोटांनी मोडायच्या, मग मंद आचेवर ठेवून पांढरं पाणी काचेसारखं दिसेपर्यंत ढवळत राहायचं. मला हे आजीने शिकवलं, आकाशकंदिलाच्या निमित्ताने. ती शेवटी चिमूटभर मोरचूद टाकायची, म्हणजे कागदाला कीड लागत नाही. आइंडहोव्हनच्या स्वयंपाकघरात, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, मी मोरचुदाशिवायची खळ करत होते आणि ओट्याशी उभी राहून माझी नऊ वर्षांची लेक सुपरमार्केटच्या जाहिरातींचे कागद फाडत होती. दोन बोटं रुंदीच्या लांब पट्ट्या. टेबलावर एक गोल फुगा आणि पाच लांबुळके फुगे चिकटपट्टीने एकत्र बांधून ठेवलेले. त्याचा आम्हाला हातमोजा करायचा होता, माणसाच्या उंचीच्या निम्म्याएवढा.

शाळेतून चिठ्ठी आली होती. वर्गातल्या सगळ्या मुलांनी एकमेकांच्या नावाच्या चिठ्ठ्या काढल्या आहेत. भेटवस्तू ५ युरोंच्या आत. ती नुसती कागदात गुंडाळून आणायची नाही, घरी केलेल्या ‘सुर्प्रीझ’मध्ये दडवून आणायची. सोबत एक कविता हवीच. कुणाला कुणाचं नाव आलं हे ५ डिसेंबरपर्यंत गुप्त.

शब्द आपल्या ओळखीचाच आहे, पण डच लोक तो फ्रेंच वळणाने म्हणतात, सुर्प्रीझ, आणि त्यांच्या तोंडी त्याचा एक खास अर्थ आहे. सुर्प्रीझ म्हणजे घरी पुठ्ठा, कागद, खळ, रंग, जुनी मोजे-बटणं वापरून केलेली गमतीची वस्तू. ज्याला द्यायची त्याच्या एखाद्या सवयीवर, छंदावर, फजितीवर ती बेतलेली असते, आणि खरी भेट तिच्या पोटात कुठेतरी असते. मिळालेल्या माणसाने आधी कविता मोठ्याने वाचायची, सगळ्यांसमोर, आणि मगच वस्तू फोडून आतलं काढायचं. सेंट निकोलसचा सण ६ डिसेंबरचा, पण नेदरलँड्समध्ये भेटी देतात त्या आदल्या संध्याकाळी. घरोघरी लहान मुलांना सिंटच्या, म्हणजे या सेंट निकोलसच्या, नावाने वस्तू मिळतात. मुलं मोठी झाली, सिंटचं गुपित त्यांना कळलं, की मग घरातली आणि मित्रमंडळातली सगळी माणसं चिठ्ठ्या काढतात आणि हा सुर्प्रीझचा खेळ सुरू होतो. शाळेत वरच्या वर्गांमधून तो शिकवलाच जातो म्हणा ना.

कवितेचेही ठरलेले रिवाज आहेत. दोन दोन ओळींची यमकं. लिहिणारा कधीही ‘मी’ म्हणत नाही, सगळं सिंटच्या तोंडून. सिंटने ऐकलं आहे की, सिंटच्या वहीत लिहिलं आहे की. सिंटकडे एक मोठी वही असते आणि वर्षभर कोण कसं वागलं ते तीत टिपलेलं असतं, अशी मुलांची श्रद्धा. मोठी माणसं त्या वहीचा आधार घेऊन एकमेकांना चिमटे काढतात. खाली सही सिंटची. यमक जुळवताना ओढाताण झाली तरी चालते, किंबहुना थोडी व्हावीच अशी अपेक्षा असते. यमकांचा कोश उघडून बसलेली पन्नाशीची माणसं मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये पाहिली आहेत.

मी इथे २०१३ साली आले. पहिली तीन वर्षं या सगळ्यातून मी अंग काढून घेत होते. भाषा कच्ची, आणि यमक म्हणजे तर भाषेचं शेवटचं दार. २०१६ मध्ये आमच्या विभागात नवीन आलेल्या मुलीने सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या केल्या, त्यात माझीही केली. विचारलंच नाही. आता वाटतं, बरं झालं.

त्या दिवशी माझ्या टेबलावर पुठ्ठ्याचा एक रेडिएटर उभा होता. भिंतीला असतो तसा, पांढरा रंगवलेला, उभ्या पन्हळ्यांचा. पन्हळ्या स्वयंपाकघरातल्या कागदी टॉवेलच्या नळ्यांच्या होत्या, हे मी नंतर घरी नेऊन मोजलं: अठरा नळ्या. बाजूला तापमानाची फिरती कळ, दुधाच्या बाटलीच्या झाकणाची, आणि ती कळ पाचावरच चिकटवून टाकलेली. मागे दोन पट्टे, दप्तरासारखे. म्हणजे हा रेडिएटर पाठीवर अडकवून फिरता यावं अशी सोय. आत लोकरीचे मोजे, मूठभर पेपरनोटन, म्हणजे दालचिनी-लवंगांच्या मसाल्याची इवलीशी बिस्किटं, आणि माझ्या नावाच्या पहिल्या अक्षराचं चॉकलेट. (ही चॉकलेटची अक्षरं डिसेंबरात सगळीकडे मिळतात. आडवंतिडवं पसरलेलं ‘एम’ आणि काडीसारखं ‘आय’, दोघांचं वजन सारखंच भरावं म्हणून त्यांची जाडी कमीजास्त ठेवतात. मला ही काळजी फार आवडते. कुणाच्या नावाला कमी चॉकलेट येऊ नये.)

कविता डचमध्ये होती आणि मला ती बारा जणांसमोर वाचायची होती. तिच्यातल्या चार ओळी मी तेव्हाच मराठीत करून ठेवल्या:

सिंटच्या वहीत लिहिलंय, हिची जागा ठरलेली,
हीटरपाशी खुर्ची हिची, शाल खांद्यावर धरलेली.
सोमवारी प्रिंटरपाशी बाकरवडी येते कुठून?
सिंट बघतो सगळं काही धुराड्याच्या फटीतून.

बाकरवडीपाशी माझा आवाज अडकला. मी मे महिन्यातही रेडिएटरपाशी बसते हे कुणालाही दिसलं असतं. पण भारतातून कुणी आलं की मी बाकरवडीचं एक पाकीट ऑफिसात नेत असे आणि सकाळी सगळे यायच्या आत प्रिंटरशेजारी उघडून ठेवत असे. वर नाव नाही, काही नाही. आग्रह करण्याएवढी भाषा येत नव्हती, म्हणून. तीन वर्षं मी समजत होते की हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही, की मी त्या खोलीत टेबल-खुर्चीसारखी आहे. आणि इथे कुणीतरी बसून अठरा नळ्या गोळा केल्या होत्या. कागदी टॉवेलची अठरा भेंडोळी संपायला वेळ लागतो. शेजारपाजारून मागितल्या असतील तरी मागाव्या लागल्या असणारच.

ते कुणी केलं हे मला आजही माहीत नाही. विचारायचं नसतं. ‘धन्यवाद सिंट’ असं छताकडे बघून म्हणायचं असतं, ते मी म्हटलं.

त्या रात्री मला आत्याच्या लग्नातली जिलबी आठवली, आणि तिच्यामुळे मी हे लिहायला बसले आहे.

१९८५ साल, सातारा. मी सात वर्षांची. आमच्या घरात महिनाभर रुखवताची तयारी चालली होती. आता रुखवत भाड्यानेही मिळतं, थर्माकोलचा बंगला आणि प्लास्टिकची बैलगाडी मिळते. तेव्हा ते घरातल्या आणि आळीतल्या बायका करायच्या. सुपाऱ्यांचे भटजी-भटजीण, कापडी भाज्या, शिंपल्यांचा मोर, साखरेचं तुळशीवृंदावन. प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी आणि चिठ्ठीवर दोन ओळी. या ओळी फार महत्त्वाच्या. वरपक्ष मांडवात आला की बायका आधी रुखवताभोवती जमायच्या आणि चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या. त्यात विहिणीला टोमणा असे, दिराला चिमटा असे, आणि तो गोड मानून घ्यायचा असे, कारण लग्नाच्या दिवशी त्याला परवानगी असते.

याद्यांच्या बैठकीत नवऱ्या मुलाचे काका आले होते. देणंघेणं, मानपान, किती माणसं, सगळ्यावर ते शांत. फक्त दर दहा मिनिटांनी विचारायचे, “पंगतीला जिलबी आहे ना?” आजोबा म्हणायचे, “आहे हो.” पुन्हा थोड्या वेळाने, “म्हणजे जिलबी ठरली.” आजी माजघराच्या दारामागून ऐकत होती. काका उठून गेले तेव्हा ती आईला म्हणाली, “ह्यांना एक द्यायलाच हवी गं.”

तिने वाण्याकडून सुतळीचं बंडल आणवलं. हळद आणि खायचा केशरी रंग घालून पाणी उकळलं, त्यात सुतळी रात्रभर बुडवली. सकाळी घट्ट खळ केली. सगळ्यात मोठ्या परातीला तेलाचा हात फिरवला आणि खळीत भिजवलेली सुतळी परातीत फिरवायला घेतली, हलवाई फिरवतो तशीच, मधून बाहेर, आणि शेवटी आडवे वेढे. परात गच्चीवर उन्हात. दोन दिवस मी तिथे राखणीला, कावळे येतात म्हणून. वाळल्यावर तिने परत वरून पातळ खळीचा हात दिला. तेव्हा ती जी काय चमकली, पाकातून आत्ता काढल्यासारखी! आम्हा मुलांना ती खोटी आहे हे माहीत असून तोंडाला पाणी सुटत होतं.

चिठ्ठी आजीनेच सांगितली आणि बाबांनी अक्षर चांगलं म्हणून लिहिली:

याद्या झाल्या, बोलणी झाली, जिलबी राहिली मनात;
काकांसाठी आणली खास, मावते का बघा पानात.

मांडवात ही चिठ्ठी वाचली गेली तेव्हा जो हशा झाला तो मला अजून ऐकू येतो. काकांना हात धरून आणलं. धोतर, काळी टोपी, लाजलेला चेहरा. त्यांनी ती परातीएवढी जिलबी दोन्ही हातांनी उचलली, आणि तिच्याखाली पळसाच्या पानांत बांधलेली खरी जिलबी होती, शेरभर तरी. आजीने पहाटे हलवायाकडून आणून ठेवलेली. एकट्या काकांसाठी. पंगतीतली वेगळी.

डच माणसाला ही गोष्ट सांगितली तर तो म्हणेल, हे तर सुर्प्रीझच. आणि खरंच आहे. गंमत वर, भेट पोटात, यमक सोबत, चिमटा काढणाऱ्याचं नाव उघड नाही, ते सगळ्या वधूपक्षाचं. आजीने नेदरलँड्सचं नावही कधी ऐकलं असेल की नाही कोण जाणे.

काकांनी ती सुतळीची जिलबी घरी नेली आणि पडवीत खुंटीला टांगली. आत्या सांगायची, घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते ती दाखवत आणि चिठ्ठी तोंडपाठ म्हणत. पंधरा-सोळा वर्षं ती तिथे होती. मध्ये एकदा पावसात खळ सुटली तर त्यांनी आजीला निरोप धाडला, दुरुस्त करून पाठवा. आजीने केली.

आता दुसरी गोष्ट. ही लिहायला मला सोपं नाही.

१९९८ साली मी टी. वाय.ला होते. गॅदरिंगमध्ये आमच्याकडे फिशपॉन्ड असायचे. महाराष्ट्रातल्या कॉलेजात शिकलेल्या कुणालाही ते सांगायला नकोत: ग्रंथालयाबाहेर एक खोका ठेवायचा, मुलं त्यात एकमेकांवरच्या ओळी लिहून टाकायची, समिती निवडायची आणि गॅदरिंगला स्टेजवरून वाचायच्या. ज्याच्यावर फिशपॉन्ड तो उठून स्टेजवर यायचा. आमच्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की सोबत एकेक वस्तूही द्यायची, आपण केलेली. हस्तकला बरी म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी जीव ओतून केलं ते. उंच मुलाला काडेपेटीच्या काड्यांची शिडी. सारखं आरशात बघणाऱ्या मुलीला चांदीच्या कागदाचा मुकुट. पंचवीसेक वस्तू केल्या असतील.

आमच्या वर्गात एक मुलगा होता, पहाटेच्या एसटीने गावाहून यायचा. त्याचा डबा म्हणजे फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या दोन भाकरी, ठेचा, कधी कांदा. झाडाखाली आम्ही सहा-सात जण डबे उघडायचो तेव्हा त्याची भाकरी सगळ्यांत आधी संपायची, कारण आम्ही सगळेच तिच्यावर हात मारायचो. तो अर्धी आपल्याकडे ठेवून बाकीची वाटून टाकायचा. दीड वर्षं मी त्याची भाकरी खाल्ली होती.

मी त्याच्यासाठी पुठ्ठ्याची भाकरी केली. सुपाएवढी. वर लगद्याचा थर देऊन फुगलेला पापुद्रा केला, तव्याचे करपलेले डाग रंगवले, कडेला चीर दाखवली. खूप सुरेख झाली होती. जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधली. आणि समितीने निवडलेली ओळ त्याच्या गावावर, त्याच्या बोलण्यातल्या हेलावर होती. ती ओळ मी इथे लिहिणार नाही.

सभागृह फुटेल इतकं हसलं. तो स्टेजवर आला, हसला, फडकं सोडलं, भाकरी उंच धरून दाखवली. सगळं व्यवस्थित केलं त्याने. दुसऱ्या दिवशी तो झाडाखाली आला नाही. त्याने डबा आणणंच बंद केलं. उरलेले तीन महिने तो कॅन्टीनमध्ये उभ्याने वडापाव खायचा, आणि रोजचा वडापाव त्याला परवडणारा नव्हता हे मला चांगलं माहीत होतं. एकदा मी बोलायला गेले. त्याने परीक्षेच्या वेळापत्रकाचं विचारलं, मी सांगितलं, झालं.

बरीच वर्षं मी याचं खापर त्या ओळीवर फोडत होते. ओळ वाईट होती, ती मी लिहिली नव्हती, माझी भाकरी तर छान होती. रेडिएटर मिळाल्यावर मला हा बचाव धरून ठेवता येईना. कारण मी त्याच्याकडे बारकाईने पाहिलं होतं, अगदी भाकरीच्या चिरेसह. अठरा नळ्या जमवणाऱ्या माणसाने मला जितकं पाहिलं तितकंच. हातांनी केलेल्या वस्तूत आपुलकी आपोआप येते असं मी समजत होते, तर तसं काही नसतं. वेळ आणि कसब यांनी ती भाकरी आणखीच खोल लागली असणार. काकांनी जिलबीची हौस स्वतःच्या तोंडाने, भर बैठकीत, दहा वेळा बोलून दाखवली होती. ती थट्टा करायला त्यांनीच आपण होऊन दिली होती. त्या मुलाने आम्हाला भाकरी दिली होती. फक्त भाकरी.

आणखी एक फरक होता, तोही सांगते. जिलबीखाली जिलबी होती. माझ्या भाकरीच्या पोटात काहीच नव्हतं. आत काही ठेवावं हे मला सुचलंच नाही.

आम्सटरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये यान स्टेनचं एक चित्र आहे, १६६५ ते १६६८ च्या दरम्यान काढलेलं, सेंट निकोलसच्या सकाळचं. मी लेकीला घेऊन दोनदा पाहिलं आहे. घरभर पसारा, टोपलीत बिस्किटं, मेवा. मधोमध एक छोटी मुलगी हातात बाहुली घेऊन उभी. आई हात पसरून बोलावते आहे पण ती बाहुली सोडायला तयार नाही. डावीकडे एक मोठा मुलगा रडतो आहे. त्याच्या बुटात सिंटने काटक्यांची जुडी ठेवली आहे, वर्षभर वाईट वागल्याबद्दल. तो काटक्या खोचलेला बूट मागे कुणीतरी हसत हसत वर धरला आहे, आणि त्याचा धाकटा भाऊ त्याच्याकडे बोट दाखवून पोट धरून हसतो आहे. घरच्यांनी केलेली थट्टेची भेट, साडेतीनशे वर्षांपूर्वीची. माझी लेक पहिल्यांदा ते बघून गप्प झाली होती. मग तिनेच मागे बघायला लावलं. अगदी मागे, अंधारात, पलंगाच्या पडद्यापाशी एक म्हातारी आजी उभी आहे आणि बोटाने त्या रडणाऱ्या पोराला बोलावते आहे. इकडे ये, पडद्यामागे तुझं आहे काहीतरी. “त्याला अजून दिसली नाहीये ती,” लेक म्हणाली.

डच बोलीत पसाऱ्याच्या घराला ‘यान स्टेनचा संसार’ म्हणतात. हातमोजा चालू असताना शेजारच्या आजी डोकावल्या, जमिनीवर पसरलेले ओले कागद पाहिले आणि हेच म्हणाल्या. मग स्वतःच बाह्या वर करून बसल्या. त्यांच्या लहानपणीची सुर्प्रीझं अशी सुबक नसायची. बादलीभर लापशीत किंवा सरबताच्या पाकात पुडी बुडवून ठेवायची, मिळालेल्याने कोपरापर्यंत हात घालून शोधायची. त्यांच्या यजमानांनी लग्नाआधी त्यांना पोत्यातून पाच किलो बटाटे दिले होते. एका बटाट्याच्या पोटात अंगठी होती. कोणत्या, ते सांगितलं नव्हतं. “सगळे चिरावे लागले. आठवडाभर आमच्या घरी बटाटेच खाल्ले सगळ्यांनी.”

या सणातली एक गोष्ट मात्र आमच्या घरी कधीच गोड मानली गेली नाही. सिंटचा मदतनीस पीट याच्यासाठी गोरी माणसं तोंडाला काळं फासून, ओठ लाल रंगवून, कुरळे टोप घालून फिरायची. पिढ्यान् पिढ्या लाखो लोकांना ते निव्वळ गमतीचं वाटत आलं, आणि ज्यांची कातडी खरोखर काळी, त्यांनी ते दरवर्षी गिळलं. त्यांनी बोलून दाखवलं तेव्हा ‘गंमत कळत नाही तुम्हाला’ हेच उत्तर मिळालं. वर्षानुवर्षं भांडावं लागलं. २०१९ मध्ये आपेलडोर्नला झालेलं सिंटचं स्वागत टीव्हीवर देशभर दाखवलं, तेव्हा त्यातले पीट पहिल्यांदाच सगळेच्या सगळे नुसते धुराड्याच्या काजळीचे पट्टे ओढलेले होते. लेकीच्या शाळेतही आता तसेच असतात. सभागृहाचा तो हशा आठवतो तेव्हा मला त्या लोकांचं म्हणणं लगेच कळतं.

तर हातमोजा. लेकीला ज्या मुलाचं नाव आलं होतं, तो वर्गात जरा अडखळत बोलतो, उशिरा येतो, आणि कायम काहीतरी हरवतो. हे तिनेच मला सांगितलं. मी म्हटलं, मग सुर्प्रीझ कशावर करायचं? माझ्या पोटात गोळा आला होता, खरं सांगते. ती म्हणाली, “हातमोज्यावर. त्याने यादीत लिहिलंय.” चिठ्ठ्या काढतात तेव्हा प्रत्येक मूल आपल्या नावाखाली चार गोष्टी लिहितं: काय आवडतं, काय हवंय, आपण कसे आहोत. त्याने फुटबॉल लिहिलं होतं, गिनीपिग लिहिलं होतं, आणि शेवटी: मी या हिवाळ्यात चार हातमोजे हरवलेत, चारही डावे.

“आणि उशिरा येतो त्याचं?” मी मुद्दाम विचारलं.

“ते त्याने नाही लिहिलं, आई.”

एवढंच म्हणून ती पुन्हा पट्ट्या फाडायला लागली. माझी पळी थांबली आणि खळीला एक गुठळी आली.

पट्ट्यांचे पाच थर दिले. नोव्हेंबरात इथे काही वाळत नाही. तीन दिवस तो पंजा रेडिएटरला टेकून उभा होता, रात्री पाणी प्यायला उठलं की दचकायला व्हायचं. फुगे फोडले तेव्हा आतून टणक निघाला. लेकीने निळा रंगवला, मनगटाला जुन्या स्वेटरची विणलेली पट्टी शिवली. प्रत्येक बोटात गिनीपिगसाठी गाजराचा एकेक तुकडा. अंगठ्यात खरे हातमोजे, दोन्ही एका लांब दोरीला बांधलेले. दोरी कोटाच्या एका बाहीतून घालून दुसरीतून काढायची, म्हणजे डावा कितीही हरवायचा म्हणाला तरी जाणार कुठे! कविता तिने एकटीने लिहिली, मला दाखवली नाही.

५ डिसेंबरला सायकलच्या पुढच्या पेटीत तो पंजा बसेना, म्हणून आम्ही चालत गेलो. वाटेत पाऊस. मी माझा कोट काढून पंजावर टाकला.

दुपारी ती परत आली तेव्हा तिच्या काखेत एक मोठा चपटा खोका होता. बुटांचा खोका, काळा रंगवलेला, आणि त्यावर बाटल्यांच्या झाकणांची बटणं. कॅल्क्युलेटर होता तो. मी जवळून पाहिलं तर बटणांवरचे आकडे देवनागरी होते.

तिची आजी, म्हणजे माझी आई, दर रविवारी साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर तिच्याकडून पाढे म्हणून घेते. त्यामुळे गणित करताना ती मनातल्या मनात मराठीत मोजते, आणि मनातलं ओठांवर येतं. बे एके बे, बे दुणे चार. डच भाषेत चोवीसला ‘चार आणि वीस’ म्हणतात, एकक आधी, आपल्यासारखंच. तिला ते दोन्हीकडे सोपं गेलं, पण हिशोब करायची भाषा मराठीच राहिली. वर्गात कुणीतरी ते ऐकलं होतं. सोबतच्या कवितेत लिहिलं होतं की सिंटने वर्गाच्या खिडकीबाहेर उभं राहून एक मंत्र ऐकला, आणि त्या मंत्राने सगळी उत्तरं बरोबर येतात.

माझ्या डोळ्यांसमोर लुगड्याच्या फडक्यातली भाकरी आली. घरची भाषा, आजीचे पाढे, आणि वर्गाचा हशा. मी विचारलं, “सगळे हसले का गं?”

“हो. खूप.” ती बटणं दाबून बघत होती.

“तुला कसं वाटलं?”

तिने माझ्याकडे पाहिलं, प्रश्न कळला नसल्यासारखं. “आई, मीच लिहिलं होतं यादीत. मी मराठीत मोजते म्हणून.” मग खोका उलटा करून मागचं झाकण उघडून दाखवलं. आत रंगीत पेनं होती, आणि एक घडी घातलेला कागद, ज्यावर कुणीतरी एक ते दहा आकडे पुन्हा पुन्हा गिरवून सराव केला होता. पहिल्या ओळीतला ५ ओळखू येत नव्हता. चौथ्या ओळीपर्यंत तो बराच सुधारला होता.

“सात उलटा काढलाय त्याने,” बटणावर बोट ठेवून ती म्हणाली. “उद्या त्याला दाखवणार आहे, कुठून सुरुवात करायची ते.”

मग तिने आजीला व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं. साताऱ्यात रात्र झाली होती, आई जेवून आडवी झाली असणार. तरी लावला. आईने चष्मा लावून स्क्रीनजवळ तोंड आणलं, एकेक बटण वाचलं, सातापाशी थांबली, आणि म्हणाली, “खळ कसली वापरलीय गं? झाकणं निसटतील. मैद्याची लाव म्हणावं.”